अंगठ्याच्या वर लिहिलेलं

अनेरवाणी सामुदायिक रेडिओ
बोरखेडे, ता. शिरपूर, जि. धुळे
४ ऑगस्ट

कमलबाई,

सोबत तीन पानांचं प्रतिज्ञापत्र आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे अंगठा द्यायचा. शाई पसरू देऊ नका. शेजारी पुनमने साक्षीदार म्हणून सही करावी, तुमच्या आधार कार्डाची प्रत जोडावी आणि वीस तारखेच्या आत मला मिळेल असं रजिस्टरने पाठवावं. तिकिटं लावलेलं पाकीट आत आहे.

कारण असं. आपल्या रेडिओची परवानगी तीस सप्टेंबरला संपते. पुढच्या मुदतीसाठी अर्ज केला आहे. त्याला संस्थेच्या पाचही विश्वस्तांची प्रतिज्ञापत्रं लागतात. चार तयार आहेत. मार्चपासून तुम्ही माइकसमोर बसत नाही आणि एप्रिलपासून नशिराबादला लेकीकडे राहता, तरी कागदोपत्री पाचव्या विश्वस्त तुम्हीच आहात. तुमच्या अंगठ्याशिवाय अर्ज सरकत नाही, आणि अर्ज सरकला नाही तर एक ऑक्टोबरला ट्रान्समीटर बंद करावा लागेल.

तुम्ही फोन उचलत नाही. पुनमने माझा नंबर ब्लॉक केलेला दिसतो. म्हणून पत्र. पुनम, आईला सावकाश वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे चाललं आहे. स्टुडिओचा एसी जूनमध्ये गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी दुरुस्तीवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मशीन तापू नये म्हणून आपला तंत्रज्ञ हितेंद्र तिच्यामागे कूलर लावून बसतो आणि त्या कूलरची घरघर माइकमध्ये येते. एका आजोबांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे गिरणी आहे का? सरकारी जाहिरातींची बिलं वर्षभर अडकली आहेत. प्रक्षेपणाच्या लहरी वापरायची सरकारी फी भरायला विश्वस्त प्रेमराजभाऊंनी हात दिला, त्याबदल्यात त्यांच्या बियाण्याच्या दुकानाची जाहिरात सकाळच्या भजनाच्या आधी, मध्ये आणि नंतर लावावी लागते. तासाला किती मिनिटं जाहिरात चालते याचाही नियम आहे. मी हातात घड्याळ घेऊन उभी असते. बसवत नाहीच हल्ली.

संध्याकाळी सहाला, तुमच्या वेळेला, आम्ही तयार गाणी लावतो. फोन येत नाहीत.

वीस तारीख.

नूतन पाटील
अध्यक्ष


२० ऑगस्ट

कमलबाई,

पाकीट मिळालं. प्रतिज्ञापत्र कोरंच परत आलं आणि त्याच्या पाठीवर पुनमच्या अक्षरात एक ओळ: ‘आई विचारते, मार्चच्या कागदावर काय लिहिलं होतं ते आधी सांगा.’

प्रतिज्ञापत्राच्या पाठीवर असं लिहायचं नसतं. स्टॅम्प पेपर वाया गेला. दुसरा करून सोबत पाठवते आहे.

विचारलंत म्हणून सांगते, जरी तुम्हाला हे सगळं माहीत आहे.

डिसेंबरात लग्नसराई होती आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुकाही. तुमचा मांडवातल्या गाण्यांचा ‘मांडो’ कार्यक्रम जोरात होता. लोक दोनशे रुपये आणि एक चिठ्ठी आणून देत. चिठ्ठीत व्याह्याचं नाव, गाव, खोड. त्या नावाने तुम्ही व्याह्याला चिडवायचं गाणं म्हणायचं. मांडवात व्याह्याची फजिती झाली नाही तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही इथल्या लोकांना, आणि रेडिओवर झाली तर फारच वाटतं. आपली हिवाळ्यातली विजेची बिलं या चिठ्ठ्यांवर निघत.

नऊ डिसेंबरला झुलालआबांची चिठ्ठी आली. त्यांच्या मुलीचे सासरे नवल देसले. तुम्ही म्हणालात:

नवल याही जेवाले बठना,
बारा मांडा खाईसन उठना,
सोताना लोटा इसरी गया,
आम्हना लोटा लेई गया.

लोटा चोरल्याचा आळ प्रत्येक व्याह्यावर येतो. त्यात नवीन काही नव्हतं. पण नवलभाऊ त्यांच्या गावात सरपंचपदाला उभे होते. समोरच्या पार्टीने ते गाणं मोबाइलवर उतरवलं आणि रिक्षाच्या भोंग्यावर आठ दिवस गावभर फिरवलं. नवलभाऊ अकरा मतांनी पडले. आचारसंहितेत रेडिओने उमेदवाराची बदनामी केली, अशी तक्रार त्यांनी वकिलामार्फत दिल्लीला, परवानगी देणाऱ्या मंत्रालयाकडे केली. पाच मार्चला नोटीस आली. आपल्यासारख्या लहान रेडिओला राजकीय प्रचार पूर्ण बंद आहे. परवानगीच जाते.

आपण खुलासा पाठवला, तो मान्य झाला, त्याची प्रत नवलभाऊंना गेली, परवानगी वाचली. खुलाशात जे घडलं ते थोडक्यात लिहिलं होतं. तो कार्यालयीन कागद होता. याहून जास्त त्यात काही नाही.

मुदत मी तीस ऑगस्टपर्यंत वाढवून घेतली आहे. आता उशीर नको.

नूतन पाटील


३ सप्टेंबर

कमलबाई,

यावेळी प्रतिज्ञापत्र आलंच नाही. पुनमचं चार पानी पत्र आलं. पुनम, तू अंगणवाडीत आहेस, अहवाल लिहायची सवय दिसते. मुद्दे क्रमाने आहेत. ते मी टाचणी लावून ठेवलं आहे.

तिने लिहिलंय ते असं. मे महिन्यात अमळनेरला तुमच्या भाच्याच्या लग्नात नवल देसले भेटले. पंगत बसली होती. ते हात जोडून तुमच्यासमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कमलबाई, तुम्ही लेखी कबूल कयं, गानं म्हनता म्हनता चुकीसन मन्हं नाव घाली दिन्हं. मन मोठं शे तुम्हनं. मी माफ कयं.” पंगतीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही ताटावरून उठलात.

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

त्यानंतर लग्नाची बोलावणी बंद झाली, असंही पुनम लिहिते. जिची जीभ घसरते तिला मांडवात कोण बोलावणार? कोणाच्या नावाऐवजी कोणाचं नाव घेईल, नेम नाही, असं लोक म्हणतात. ज्या बाईने पन्नास वर्षं सगळ्यांच्या मावशा, आत्या, नणंदा यांना नवरदेवाच्या ओट्यावर बसवून हसवलं, ती आता दुपारी टीव्हीसमोर बसून असते, असं वाक्य आहे. पुनम, हे वाक्य चांगलं लिहिलं आहेस. मला ते दोनदा वाचावं लागलं नाही.

पण तुम्हीही जरा माझ्या बाजूने बघा. हा रेडिओ मी निवृत्तीच्या पैशातून उभा केला. टॉवरचा पाया खणला तेव्हा पहिली पाटी मी उचलली. धुळ्यात कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलवर रेडिओ ऐकताना वाटायचं, यात आपल्या बोलीत कोणी का बोलत नाही? एकतीस वर्षं शाळा चालवली, मग हा चालवला. तुम्हाला मांडवातून माइकसमोर मी आणलं. विश्वस्त मी केलं. अध्यक्षाला कधी कधी निर्णय घ्यावे लागतात.

काल प्रेमराजभाऊ आले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला नशिराबादला पत्रं टाकता? कागद आपल्याजवळ शे ना.”

“कोणता कागद?”

“मार्चचा. त्यात कमलबाईंनी चूक कबूल केली आहे. चूक केलेला विश्वस्त काढता येतो. ठराव करा, चार सह्या करा, तिच्या जागी माझ्या सुनेचं नाव घाला. भाविका ग्रॅज्युएट आहे.”

“भाविका बोरखेड्याला कधी आली आहे का?”

“येईल की! गाडी शे तिच्याजवळ.”

हसून गेले. ठरावाचा मसुदा टेबलावर ठेवून गेले. टाइप करूनच आणला होता. पंधरा तारखेला सभा आहे. तुमचा अंगठा न लागता अर्ज पूर्ण होऊ शकतो, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

ही धमकी नाही. पुनम, आईला सांग, धमकी नाही.

नूतन पाटील


९ सप्टेंबर

कमलबाई,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले. पेटी उघडायला माणूस चारला येतो. तीनपासून चारपर्यंत उभी होते, ते परत मागावं म्हणून. माणूस आला आणि मी त्याला काही बोलले नाही. अशी दुपार गेली. घरी आले तर बसवेना. स्टुडिओत गेले, हितेंद्र म्हणाला, “मॅडम, एका जागी थांबा ना, तुमच्या चपलांचा आवाज हवेत जाऊन राहिला.” खरंच, दुपारची शेतीसल्ल्याची मुलाखत चालू होती.

पुनम, हे पत्र आईला वाचून दाखवताना थांबावंसं वाटलं तरी थांबू नकोस.

मार्चच्या कागदावर लिहिलं होतं ते अक्षर न अक्षर असं: ‘मी, कमलबाई, अशिक्षित निवेदिका, थेट प्रसारणात लग्नगीत म्हणत असताना गाण्याच्या ओघात चुकून, व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय, श्री. नवल देसले यांचे नाव घातले. सदर व्यक्ती उमेदवार आहे हे मला माहीत नव्हते. व्यवस्थापनाचा याच्याशी संबंध नाही. मला निवेदनाच्या कामातून मुक्त करण्यात आले आहे.’ खाली तुमचा अंगठा. साक्षीदार म्हणून माझी सही.

तो मी लिहिला. माझ्या अक्षरात, मग टाइप करून.

आता खरं काय ते. चिठ्ठी माझ्याकडे आली. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून दर कार्यक्रमाला मी तुमच्या शेजारी बसून नाव सांगायची. त्या दिवशीही सांगितलं: नवल देसले. नाव तुम्ही घातलं नाही, मी दिलं. आणि ते उमेदवार आहेत हे मला माहीत होतं. त्याच आठवड्यात शिरपूरच्या स्टँडवर त्यांचा फलक बघितला होता, हात जोडलेला, मागे कपाशी. चिठ्ठी हातात घेतल्यावर तो फलक डोळ्यांसमोर आला होता. मी मनात म्हटलं, लग्नाचं गाणं आहे, यात कसलं राजकारण. आणि दुसरं हे म्हटलं की, विजेच्या बिलाला तीन दिवस राहिलेत आणि दोनशे रुपये परत का द्यायचे. दोनशे रुपये, कमलबाई.

अजून आहे.

नियमाप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण नव्वद दिवस ठेवावं लागतं. त्यानंतर मशीन जुनं पुसून त्यावर नवं चढवते. नोटीस आली तेव्हा शहाऐंशीवा दिवस होता. चार दिवस होते हाताशी. हितेंद्रने विचारलं, “मॅडम, नऊ डिसेंबरची कॉपी काढून ठेवू?” मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी म्हटलं, सांगते. त्या ध्वनिमुद्रणात तुमच्या गाण्याच्या आधी माझा आवाज आहे. हळू, पण आहे: ‘नवल देसले, लामकानीकडचे, जेवायला बसले की उठत नाहीत.’ ते मी स्वतः पुसलं नाही. फक्त पुसू दिलं. दिल्लीला कळवलं, तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही.

बारा मार्चला तुम्ही नेहमीसारख्या साडेपाचला आलात. डोक्यावरचा पदर सारखा करून माइकपाशी बसायला निघालात. मी तुम्हाला टेबलापाशी थांबवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. तुम्ही विचारलंत, “काय शे बाई यान्हामां?” मी म्हटलं, “नेहमीचंच.” तुम्ही अंगठा दिलात आणि मी दिलेल्या चिंधीने बोट पुसलंत. तीन दिवसांनी तुमचा कार्यक्रम बंद केला, आणि सांगितलं की दिल्लीचा हुकूम आहे. दिल्लीचा असा हुकूम नव्हता. तुम्हाला समोर बसलेलं मला बघवत नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. शाळेत एकतीस वर्षं मुलींना सांगत आले की चूक झाली तर उभं राहून सांगायची. मी बसून लिहिते आहे. पहिल्यांदाच इतका वेळ बसले.

प्रेमराजभाऊंच्या ठरावावर मी सही करणार नाही. पाचवं प्रतिज्ञापत्र आलं नाही म्हणून चोवीस तारखेला दिल्लीच्या अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे, संगणकावरूनच. तिथे मार्चचा कागद मागे घ्यायचा माझा विचार आहे. ‘विचार आहे’ असं लिहिलं, कारण तेवढंच अजून खरं आहे.

नूतन


१९ सप्टेंबर

कमलबाई,

रेडिओच्या फोनवर तुमचा ध्वनिसंदेश आला. सकाळी अकराला हितेंद्रने तो लावला आणि कूलर बंद केला. मी चार वेळा ऐकला आणि कागदावर उतरवून घेतला, कारण मला चुका नकोत. तुम्ही म्हणालात:

“म्याडम, मी कमलबाई बोली ऱ्हायनी. पुनमनी बठ्ठं वाची दखाडं. मी दोनदा वाचाले लावं. मी अशिक्षित शे, हाई तुम्ही लिखं, ते खरं शे, त्यान्हा माले राग नही. पन मी गानं चुकनी, हाई लिखं. पन्नास वरीस मांडोमां गानं म्हनं, एक नाव चुकनं नही. तुम्हले दुसरं काही लिखता उनं नही का? म्हातारी शे, याडी शे, असं लिखतात. चुकनी असं कसं लिखं?”

मागे पुनमचा आवाज, ‘माय, बास कर.’ मग परत तुम्ही:

“आते तुम्ही दिल्लीले खरं सांगशात. तुम्हनं मन हलकं व्हई जाई, नि रेडिओ बंद पडी. मंग बायास्नी काय ऐकानं? तुम्हनं खरं? सोताना करता करू नका जे करशात ते.”

एवढंच.

मी इतके दिवस तुमच्या रागाची वाट बघत होते. राग आला असता तर बरं झालं असतं. तुम्ही हिशेबाचा प्रश्न विचारलात. कागद तसाच ठेवला तर तुमचं नाव बुडतं. मागे घेतला तर रेडिओ. आणि मागे घेतल्यावर माझी जी सुटका होते, तिची किंमत आपला रेडिओ ऐकणाऱ्या चाळीस गावांनी का द्यायची?

सभा झाली. ठरावाचा मसुदा मी फाडला नाही, नुसता परत दिला. प्रेमराजभाऊ म्हणाले, “मॅडम, तत्त्वाची फी कोण भरणार? मी नाही भरणार.” जाहिरात काढून घेतली. सकाळचं भजन आता सलग होतं. एका बाईंनी फोन केला, आज देवाला घाई नाही वाटतं? सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या महिन्याचा जनरेटरचा खर्च त्या जाहिरातीत होता.

मग मंदाबाईंना विचारलं. बचत गटाच्या म्हणून त्या विश्वस्त आहेत, आणि सभेत कधी तोंड उघडत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. म्हणाल्या, “आम्ही बठ्ठ्या बाया कागदवर अंगठा देतस म्याडम. बँकना, सोसायटीना, तुम्हना. तुम्ही सांगतस ते ऐकीसन. आते तुम्ही सांगा, आम्ही पुढला कागदवर कसा द्यावा?”

हे उत्तर झालं. तुमच्या प्रश्नाचं नाही, पण माझ्यासाठी झालं. ज्या रेडिओच्या अध्यक्षाला बायका अंगठा द्यायला घाबरतील तो रेडिओ चालू राहिला काय आणि बंद पडला काय. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. तरी मी चोवीसला बोलणार आहे. यात माझ्यासाठी किती आणि बायकांसाठी किती, हे मला वेगळं करता येत नाही. प्रयत्न केला.

नूतन


३० सप्टेंबर

कमलबाई,

आधी निकाल.

सुनावणी बावीस मिनिटं चालली. पडद्यावर तीन अधिकारी होते, मधले चष्म्याचे. मी लिहून नेलेलं वाचलं. मार्चचा खुलासा खोटा होता. नाव मी दिलं. उमेदवार आहेत हे मला माहीत होतं. ध्वनिमुद्रण मी जाऊ दिलं. निवेदिकेचा अंगठा मजकूर वाचून न दाखवता घेतला. चष्म्याचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, आप समझ रही हैं आप क्या कह रही हैं?” मी म्हटलं, जी. ते म्हणाले, गाण्यावरून आम्ही ताकीद देऊन सोडलं असतं. खोट्या खुलाशाचं तसं नाही.

‘ताकीद देऊन सोडलं असतं.’ हे वाक्य घेऊन मी सहा दिवस घरात फिरते आहे.

लेखी आदेश काल आला. नूतनीकरण नाही. आज सायंकाळपासून प्रक्षेपण बंद. संस्थेने हवं तर नव्याने अर्ज करावा, त्यात खोटा खुलासा देणारा पदाधिकारी नसावा. नव्या अर्जाला दोन वर्षं लागतात, चारही लागतात. तुमच्याबद्दल एक ओळ आहे, ती मी मागून घेतली: ‘निवेदिका श्रीमती कमलबाई यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.’ शिक्का आहे, सही आहे.

तेव्हा रेडिओ बंद पडला आहे. तुम्ही म्हणाला होता तसाच.

आज सहाला हितेंद्रने शेवटची उद्घोषणा करायला मला सांगितलं. मी माइकसमोर बसले. काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, ते बाजूला ठेवलं. म्हटलं, अनेरवाणी आजपासून बंद होत आहे, कारण अध्यक्षांनी खोटं लिहून दिलं होतं. गाणाऱ्या बाईंनी काही चूक केली नव्हती. उद्या केळी-कापसाचा भाव शिरपूरच्या बाजारातून विचारून घ्यावा. मग हितेंद्रने बटण दाबलं. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाहेरच्या म्हशीचं रवंथ ऐकू आलं. तेवढ्यात फोन वाजला. एका आजीने विचारलं, “गानं का बंद कयं?” मी म्हटलं, परवानगी संपली. ती म्हणाली, “मंग परवानगी घ्या ना, बठनात काय?”

काल नवलभाऊंकडे गेले होते. ओट्यावर बसून कपाशीचं बोंड फोडत होते. सगळं सांगितलं. ते बोंड हातात तसंच धरून बसले.

“म्हंजे मी भलत्याच बाईले माफ कयं?”

“हो.”

“पन्नास मानसंस्ना समोर?”

“हो.”

“नि तुम्हले?”

“मी मागायला आले नाही. सांगायला आले.”

हातातलं बोंड खाली ठेवलं. मग म्हणाले, “मंग ती अकरा मतं?”

“ती तुमची तुम्ही शोधा, नवलभाऊ.”

सुनेने चहा आणला. झुलालआबांची मुलगी ती. तोंडाला पदर लावून हसत होती.

आता शेवटचं. गुरुवारी सकाळी चोपड्यावरून येणाऱ्या गाडीने मी नशिराबादला येते आहे. फाट्यावरून चालत येईन, कोणाला घ्यायला पाठवू नका. दोन कागद आणते आहे: मार्चचा, आणि दिल्लीचा आदेश. अमळनेरला तुमच्या पंगतीत जे बसले होते त्यांच्यापैकी नशिराबादचे कोण कोण होते, त्यांना पुनमने गोळा करावं. नवलभाऊ स्वतः येणार आहेत, तसं कबूल केलं आहे. नाही आले तर त्यांना मी परत जाऊन आणेन.

मी दोन्ही कागद वाचणार आहे. ‘अशिक्षित’ वाचणार, ‘चुकून’ वाचणार, खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे तेही वाचणार. मग आदेश. त्यानंतर नव्या अर्जाचा कोरा कागद तुमच्यासमोर ठेवणार. त्यात अध्यक्षाचा रकाना मोकळा आहे. त्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं, अंगठा द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं, आणि आधी पुनमकडून दोनदा वाचून घ्यायचं. मी सांगितलेलं ऐकून नाही.

तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी समजू शकते. मी ओट्यावर उभी राहून वाचेन. मोठ्याने वाचेन. गल्लीत ऐकू जाईल एवढा आवाज अजून आहे माझा.

नूतन